पहिली टोपली घरी येत नाही

कोसमटोला, जि. गडचिरोली
४ मार्च २०२५

चि. रिना,

सप्रेम जय भीम.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. इतक्या काळात माणसं पीएच.डी. करतात. तुझा राग अजून प्रस्तावनेतच आहे असं तुझी बहीण सांगते. मी तिला म्हटलं, अंजना, तूच फोन लाव. ती म्हणाली, "तुम्हा दोघांच्या मधात मी पडत नाई. नवरा म्हणून तुम्ही डोकं खाता, बहीण म्हणून ते खाते. मले माझं काम करू द्या." म्हणून हे टपाल.

कारण घरगुती नाही. काल आमच्या आश्रमशाळेत निवासी शाळेच्या प्रवेश समितीची नोटीस आली. 'आपल्या केंद्रावरील अकरा परीक्षार्थींनी गणिताच्या प्रश्न क्रमांक चौदामध्ये सामूहिक नक्कल केल्याचे निदर्शनास आले असून त्यांच्या उत्तरपत्रिका रोखण्यात येत आहेत.' खाली सही : रिना मेश्राम, मुख्य परीक्षक. ऊर्जानगरच्या क्वार्टरात बसून तुला आमच्या जंगलातली नक्कल निदर्शनास आली, हे कौतुकास्पद आहे. आमच्या वनरक्षकाला समोरचा वाघ निदर्शनास येत नाही.

मी आता सातवीला गणित शिकवतो, हे तुला अंजनाकडून कळलं असेल आणि तू हसली असशील. गणिताचे सर दोन वर्षांपूर्वी बदलून गेले. मुख्याध्यापकांनी स्टाफरूमभर नजर फिरवली आणि ती संस्कृतवर येऊन थांबली. संस्कृतला मुलं चार आणि गणिताला सव्वीस. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं तरुणपणी मला विचारायची, "अबे खुशाल, पाली सोडून हे काऊन शिकून राह्यला?" आता त्यांना उत्तर मिळालं : समीकरणं सोडवण्यासाठी.

तर समचलन मीच शिकवलं आहे. एक राशी दुप्पट झाली की दुसरी दुप्पट, तिप्पट झाली की तिप्पट. आणि दोघींना बांधणारा जो न बदलणारा आकडा, तो k. मुलांना y = kx लिहिता येतं. त्यांनी नक्कल केलेली नाही. परीक्षा शांततेत झाली, पर्यवेक्षण चोख होतं. नोटीस मागे घे.

आणि एक शंका. तुझ्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ती नीलाबाईच का राबते? गेल्या वर्षी नीलाबाई पाणी भरत होती, त्याच्या आदल्या वर्षी धान रोवत होती, यंदा मोहफुलं वेचते आहे. बाईला एखादी सुट्टी दे.

तुझा,
खुशाल भाऊजी


ऊर्जानगर, चंद्रपूर
११ मार्च २०२५

श्री. खुशाल खोब्रागडे यांस,

आपले पत्र मिळाले. परीक्षेच्या कामात नाते आणू नये, म्हणून नावापुढचे 'भाऊजी' मी वाचलेले नाही.

प्रश्न चौदा असा होता : 'नीलाबाई मोहफुले वेचते. एका टोपलीत ३ किलो फुले मावतात. तिने या हंगामात x टोपल्या वेचल्या. घरी आणलेल्या फुलांचे वजन y किलो आहे. x आणि y यांतील संबंध दाखवणारे समीकरण लिहा.' उत्तर y = 3x. सातवीचे मूल अर्ध्या मिनिटात लिहिते.

आपल्या केंद्रावर सव्वीस परीक्षार्थी होते. पंधरा जणांनी बरोबर लिहिले. अकरा जणांनी y = 3x − 3 लिहिले. अकराच्या अकरा. तोच वजा, तोच तीन. बरोबर उत्तर अकरा जणांना एकाच वेळी सुचू शकते. चूक उत्तर सुचत नाही, ते कोणीतरी सांगावे लागते.

आपले पर्यवेक्षण चोख होते असे आपण लिहिता. 'पर्यवेक्षक' या रकान्यातली सही मी ओळखते. ती आपली आहे. आपल्याच शाळेच्या मुलांवर आपणच पर्यवेक्षक, हे नियमात बसत नाही आणि आपण ते पत्रातून लपवलेत. हे मी समितीला अजून कळवलेले नाही. मेहेरबानी समजू नका. मला आधी ते तुमच्या हाताने लिहिलेले हवे आहे.

निवड यादी २१ एप्रिलला लागेल. तोपर्यंत खुलासा पुराव्यासह आला नाही, तर अकराही उत्तरपत्रिका रद्द होतील.

नीलाबाईला सुट्टी द्यायची की नाही ते मी बघेन.

रिना मेश्राम


कोसमटोला
१८ मार्च २०२५

रिना,

जय भीम. तू लिहिला नाहीस, म्हणून मी दोनदा लिहिला आहे असं समज.

हो, सही माझी. तालुक्याहून यायचे पर्यवेक्षक आलेच नाहीत. त्यांची मोटरसायकल वाटेत बसली. परीक्षेला दहा मिनिटं होती आणि मुलं पेन्सिलींना टोकं काढून बसली होती. मी सही केली. पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुढची ओळ तू वाचली नसतीस. आता समितीला खुशाल कळव. नावच तसं आहे माझं.

बाकी तुझा तर्क वाचून मला घाम फुटला. 'चूक उत्तर सुचत नाही, सांगावं लागतं.' म्हणून त्या अकरा जणांना मी काल दुपारी वर्गात बसवलं आणि फळ्यावर तुझा प्रश्न लिहिला. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी विचारलं, "वजा तीन कुठून आणलं रे?"

मग दुर्गा उठली. दुर्गा हलामी, बिरजूची मुलगी. उठली म्हणजे काय, बाकावरच चढली.

"सर, पहिली टोपली झाडाची असते ना."

"कोणत्या झाडाची?"

"ज्याच्याखाली वेचलं त्याची. हंगामातली पहिली टोपली झाडाखालीच ठेवतेत, देवाले. थे घरी नाई आणत. तुम्ही इतके वर्सं राह्यले इथी, तुम्हाले नाई माहीत?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर मोहाखाली जातच नाई. सर फक्त पुस्तकाखाली जाते."

हशा पिकला. मी म्हटलं, "पण दुर्गा, x शून्य ठेवून बघ. एकही टोपली वेचली नाही, तर वजन वजा तीन किलो येतं. म्हणजे काय?"

ती माझ्याकडे अशी बघू लागली, जशी तू माझ्याकडे बघतेस. "सर, x शून्य काऊन ठेवाचा? मोहाच्या दिवसात कोणी रिकामी टोपली घेऊन घरी येते का?"

आता हा तुझा खुलासा. तीन गावांची मुलं, एकच रीत. उरलेल्या पंधरा जणांच्या घरी ती रीत नाही. त्यांनी 3x लिहिलं आणि पास झाले. आणि तुझ्या प्रश्नात 'वेचलेल्या फुलांचे वजन' असं नाही, 'घरी आणलेल्या' असं आहे. 'या हंगामात' असंही आहे. ते शब्द तुझे. मुलांनी ते वाचले, हा त्यांचा अपराध. आम्ही संस्कृतवाले आयुष्यभर हेच सांगत आलो की वाक्यातला एकही शब्द फुकट नसतो. आमचं ऐकणारी मुलं शेवटी मिळाली, तर तू त्यांना नक्कलखोर म्हणतेस.

एक गोष्ट विनोदाशिवाय सांगतो. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढची शाळा अडतीस किलोमीटरवर. दुर्गाच्या मोठ्या बहिणीला सातवीनंतर घरी बसवलं. बिरजू वाईट माणूस नाही. मला म्हणाला, "सर, नाव लागलं त पाठवतो. नाई लागलं त मग तिले कामाले लावतो. दरवर्षी वाट पाहू का?" तुझ्या त्या निवासी शाळेत मुलींच्या वीस जागा आहेत. दुर्गाचा बाकीचा पेपर तुझ्यासमोर आहे. उघडून बघ.

खुशाल


ऊर्जानगर
२५ मार्च २०२५

भाऊजी,

आता नात्यानेच लिहिते, कारण पुढचे नात्याचेच आहे.

आधी गणित. y = 3x − 3 मध्ये दोन टोपल्यांना तीन किलो येतात आणि चार टोपल्यांना नऊ. टोपल्या दुप्पट, वजन तिप्पट. हे समचलन नाही. प्रश्नाच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'समचलन' छापले होते. 'प्रत्येक शब्द वाचणाऱ्या' तुमच्या मुलांनी तोच एक शब्द सोडला?

झाडाची गोष्ट छान आहे. दुर्गा बाकावर चढली, मागून कोणी टोमणा मारला, तुम्हाला घाम फुटला. तुमच्या गोष्टी नेहमीच छान असतात. परीक्षेनंतर दीड महिन्याने वर्गात बसवून मुलांकडून काय वदवून घेतले, तो पुरावा होत नाही. तुम्ही शिकवले असेल तेच ती म्हणतील.

तुम्ही परीक्षेत उत्तर सांगता. हे मला कोणी सांगावे लागत नाही.

चिमूर, १९९५. मी तेरा वर्षांची. मुलींच्या वसतिगृहाची निवड परीक्षा, तिच्यावर माझी पुढची शाळा ठरणार होती. तुम्ही त्याच शाळेत हंगामी शिक्षक, ताईशी लग्न ठरलेले, मे महिन्यात बार उडायचा होता. तुम्ही वर्गात फेऱ्या मारत होता. माझ्या बाकाशी थांबलात, वाकलात आणि म्हणालात, "पंचवीस." मी आपले जे काही लिहिले होते ते खोडले आणि पंचवीस लिहिले. होणारा भाऊजी, त्यातून मास्तर. तेरा वर्षांची पोरगी काय करणार?

यादी लागली. वीस नावे. विसावे माझे. माझ्या खाली, प्रतीक्षा यादीत पहिले नाव माझ्या वर्गातल्या नीलाचे होते. ती शाळा सोडून शेतावर गेली. मी वसतिगृहात गेले, बी.एस्सी. केले, गणिताची मास्तरीण झाले. तो प्रश्न काय होता तेही मला आठवत नाही. आठवायचे धाडसच केले नाही. फक्त आकडा आठवतो. विचारत होतात ना, प्रश्नपत्रिकेत नेहमी नीलाबाईच का राबते? आता कळले?

आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या सत्कारात, दोनशे माणसांसमोर, माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "हिचा गणितातला पहिला गुरू मी. परीक्षेच्या दिवशी तर विशेष कामी आलो!" लोक हसले. ताई हसली. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मिचकावलात. मी तो हार गळ्यात घेऊन बसले होते आणि मला वाटत होते, आता कोणीतरी उठून विचारेल, म्हणजे काय हो?

म्हणून ब्लॉक केले. तुम्ही ताईला सांगत फिरता, रिनाला विनोद कळत नाहीत.

एका मुलीची जागा तुम्ही त्या दिवशी मला दिलीत. तेव्हा एक होती, आता अकरा आहेत. यावेळी मी देऊ देणार नाही.

रिना


कोसमटोला
२ एप्रिल २०२५

रिना,

तुझं पत्र तीनदा वाचलं. अंजनालाही वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि संध्याकाळी बाहेर आली. मग एवढंच म्हणाली, "तिले खरं सांगा. सगळं."

अंजनालाही सगळं माहीत नव्हतं. ते तिला काल सांगितलं, आज तुला सांगतो.

सोबत एक घडी केलेला कागद आहे. सांभाळून उघड, घडीवर फाटला आहे. त्या परीक्षेची उरलेली प्रश्नपत्रिका. तीस वर्षं माझ्या संस्कृत कोशात होती. बाविसावा प्रश्न वाच : '१२ माणसे शेताला कुंपण घालण्याचे काम १५ दिवसांत करतात. तेच काम २० माणसे किती दिवसांत करतील?'

तू गणिताची आहेस. करून बघ. मी थांबतो.

आम्हाला त्रैराशिक शिकवलं होतं ते प्रमाण, फल, इच्छा या नावांनी. फल गुणिले इच्छा भागिले प्रमाण. सूत्र पाठ होतं, आणि पाठ असलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. पंधरा गुणिले वीस भागिले बारा, पंचवीस. मी तुझ्या बाकाशी वाकलो आणि मोठ्या ऐटीत पंचवीस म्हणालो. व्यस्त त्रैराशिक नावाचं एक वेगळं प्रकरण त्याच पानाच्या मागे असतं, हे मला त्या दिवशी आठवलं नाही. माणसं वाढली की दिवसही वाढतात, हे फक्त सरकारी कामाला लागू आहे. कुंपणाला नाही.

परीक्षा संपल्यावर सायकलवरून खोलीवर जाताना, अर्ध्या रस्त्यात, माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा माणसं पंधरा दिवस, म्हणजे एकशे ऐंशी. ते वीस माणसांत वाटायचे. नऊ. सायकलवरून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. पेपर गोळा करताना तू खोडलेलं मी पाहिलं होतं. तुझं खोडरबर काळपट होतं, खालचं अक्षर पुसलं गेलं नव्हतं. पंचविसाच्या खाली नऊ दिसत होता.

तुझं उत्तर बरोबर होतं, रिना. मी सांगितलेलं चूक होतं. त्या प्रश्नाला चार गुण होते, ते माझ्यामुळे गेले. तरी तू विसावी आलीस. मी गप्प बसलो असतो तर आणखी वर असतीस. नीलाची जागा तू घेतली नाहीस. मी तुला कोणाची जागा दिली नाही. द्यायला गेलो आणि तुझी जवळजवळ घालवली.

मग यादीत तुझं नाव लागलं. घरात पेढे. तुझे वडील मला म्हणाले, "जावईबापू, तुमचा हात लागला पोरीले." तू माझ्याकडे बघत होतीस, घाबरून आणि कृतज्ञतेने. त्या क्षणी खरं सांगायचं होतं. सांगितलं नाही. उपकारकर्ता म्हणून मिरवणं फार गोड असतं. आणि चुकलेला मास्तर म्हणून लग्नाच्या मांडवात उभं राहणं कठीण. पुढे ती गोड गोष्ट इतकी वर्षं टिकली की मी तिचा विनोद केला. सत्कारात डोळा मिचकावला तो त्या विनोदाचाच. तुझ्या आत काय चाललं आहे, हे मला खरंच दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

त्या दिवसापासून परीक्षेच्या वर्गात मी तोंड उघडलेलं नाही. पुण्य नव्हे ते, भीती. फेब्रुवारीत मी दुर्गाच्या बाकाशी थांबलो होतो. तिचा 3x − 3 पाहिला. चूक आहे हे मला कळलं. या वेळी खरंच कळलं होतं. जीभ टाळूला लावली आणि पुढे गेलो. पुढच्या बाकावर तेच, त्याच्या पुढेही तेच. मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिलो. तुझा आरोप खरा असता, तर त्या अकरा जणांनी बरोबर उत्तर लिहिलं असतं. किंवा, माझा इतिहास पाहता, पंचवीस.

समचलनाबद्दल तू म्हणतेस ते बरोबर आहे. प्रश्नावर तसा शब्द होता, आणि तो शब्द मुलांच्या डोक्यात उतरेल असं मी शिकवायला हवं होतं. सूत्र शिकवलं, सूत्र कुठे लागू होत नाही ते शिकवलं नाही. माझा जुना रोग.

या पत्राच्या बदल्यात काही मागत नाही. मुलांचं तू न्यायाने ठरव.

आमच्याकडे मोह टपकून राह्यला आहे. सकाळच्या शाळेला वर्ग रिकामा असतो, मुलं फुलं वेचायला जातात. काल पहिल्यांदा मीही गेलो, पुस्तकाखालून निघून मोहाखाली. बिरजूच्या झाडाच्या बुंध्याशी एक भरलेली टोपली ठेवलेली होती. तिला कोणी हात लावत नव्हतं.

इत्यलम्.

खुशाल


ऊर्जानगर
१२ एप्रिल २०२५

भाऊजी,

निकाल आधी. अकराही उत्तरपत्रिकांवरचा नकलेचा ठपका काढला आहे. समितीचे पत्र शाळेला स्वतंत्र येईल.

कारण तुमचे पत्र नाही. २७ मार्चला मी सगळ्या चारशे बारा उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. तुम्ही खोटे बोलता हे सिद्ध करायचे होते. मोहर्लीकडच्या केंद्रावरच्या सुरज कुमरे नावाच्या मुलाने प्रश्न चौदाला y = 3x − 3 लिहिले होते. शेजारी एक झाड काढले होते आणि झाडाखाली लिहिले होते, 'पहिली याची.' तुमच्या केंद्रापासून ते केंद्र दीडशे किलोमीटर लांब आहे. इतक्या लांब तुमची कुजबुज पोचत नाही, जरी तुमचा स्वतःबद्दलचा अंदाज वेगळा असेल.

समितीला त्याच दिवशी कळवले. तुम्हाला कळवले नाही. मुद्दाम. तुम्हाला थोडे दिवस घाम फुटू द्यावा असे वाटले. म्हणजे तुम्ही कबुली लिहायच्या सहा दिवस आधी मुले सुटलेली होती. तुम्ही तीस वर्षे दाबून ठेवलेले फुकट सांगून बसलात.

'घरी' हा शब्द माझा. वाक्य गोड वाटावे म्हणून घातला होता. गणितात गोड शब्द घालू नये, हे मी मुलांना शिकवते. प्रश्न चौदा रद्द केला. चारशे बारा जणांचे गुण त्याच्याशिवाय मोजले. मुलींच्या यादीत दुर्गा हलामी सातवी आहे. यादी लागायच्या आधी हे सांगणे नियमात नाही, म्हणून बिरजूला २१ तारखेलाच सांगा. तोपर्यंत तुम्हालाही थोडे गप्प बसायची सवय आहे असे कळते.

पर्यवेक्षकाचे मात्र समितीला कळवले आहे. तुम्हाला खुलासा द्यावा लागेल. खरा द्या.

आता तो कागद. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी, भागिले वीस. तीस सेकंद लागले. तीस वर्षांत तीस सेकंद काढले नाहीत. नऊ. मी नऊच लिहिले होते. मला आठवले, भाऊजी. नऊचे शेपूट मी लांब काढायची, बाई रागवायच्या.

तुमच्यावर मी आधी एका कारणाने चिडले होते, आता दुसऱ्याने चिडले आहे. आधी वाटायचे तुम्ही मला फुकटचे दिलेत. आता कळते, माझे होते ते तुम्ही घेतलेत, आणि वर आभारही घेतलेत. कोणता राग मोठा ते अजून ठरलेले नाही. पण हा राग मला वागवता येतो. आधीचा येत नव्हता.

प्रश्नपत्रिका परत पाठवत आहे. बाविसाव्या प्रश्नापुढे मी पंचवीस लिहून लाल शाईने फुली मारली आहे. परीक्षार्थी : खुशाल खोब्रागडे. गुण : चारपैकी शून्य. या सगळ्या प्रकरणात शून्य मिळालेले तुम्ही एकटेच आहात. कोशात ठेवा.

नीलाबाईला सुट्टी दिली आहे. पुढच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत ती नसेल. खुशालराव नावाचे एक गृहस्थ वीस माणसे घेऊन कुंपण घालायला निघतील आणि पंचवीस दिवस लागतील म्हणतील. त्यांचे कुठे चुकले, ते मुले सांगतील.

ताईला सांगा, सुट्टी लागली की येते. तिच्याकडे येते.

ब्लॉक तसाच राहील.

जय भीम.

रिना